सुपरहिरो मरतच नसेल, तर पणाला लागते तरी काय?

तिसरी घंटा :

२०१७ सालच्या 'लोगन'ची अखेर ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या ती लक्षात असेल. जंगलात दगड रचून वुल्व्हरिन ऊर्फ लोगन या नायकाला पुरले आहे, बाकीची मुले सरहद्दीच्या दिशेने निघून गेली आहेत, आणि मागे राहिलेली त्याची मुलगी लॉरा थडग्यावरचा लाकडी क्रूस उपसून तो तिरका रोवते, म्हणजे त्या क्रूसाचा एक्स, त्याच्या 'एक्स-मेन' चमूची खूण, होतो. ह्यू जॅकमनने सतरा वर्षे रंगवलेल्या पात्राला याहून नेमका निरोप देता आला नसता. पुढे २०२४ मध्ये 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' आला. त्याच्या सुरुवातीलाच डेडपूल हा थट्टेखोर सुपरहिरो तेच थडगे उकरतो, आतला धातूचा सांगाडा बाहेर काढतो आणि त्याची हाडे हत्यारांसारखी परजत, गाण्याच्या ठेक्यावर नाचत, समोरच्या शिपायांची कत्तल करतो. प्रेक्षागृह हसत होते आणि मीही हसत होतो, कारण विनोद म्हणून तो प्रसंग अव्वल आहे. मात्र त्या हसण्यात 'लोगन'च्या शेवटाचा सौदा झाला, असे माझे मत आहे आणि या चर्चेत मला तेच मांडायचे आहे.

'लोकांना सुपरहिरोंचा कंटाळा आला' हे निदान सध्या सर्रास ऐकू येते. मला ते पटत नाही. मुखवट्यांचा आणि उडणाऱ्या माणसांचा कंटाळा यायचाच असता, तर तो २०१९ च्या आधी यायला हवा होता. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून मार्व्हलने एकाच सलग कथाविश्वात चित्रपटांमागून चित्रपट काढले, आणि त्यांतल्या बाविसाव्याने, म्हणजे 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम'ने, जगभरातून सुमारे २८० कोटी डॉलर मिळवले. आपल्याकडे काही चित्रपटगृहांनी त्याचे खेळ चोवीस तास लावले होते. त्या चित्रपटात टोनी स्टार्क, म्हणजेच आयर्न मॅन, विश्व वाचवण्यासाठी चुटकी वाजवतो आणि त्या चुटकीनेच मरतो. नंतर तळ्याकाठी अंत्यविधी होतो, पहिल्या चित्रपटात त्याच्या छातीत असलेले यंत्र फुलांच्या चक्रात ठेवून पाण्यात सोडले जाते आणि कॅमेरा काहीही न बोलता एकेका चेहऱ्यावरून सरकत जातो. अकरा वर्षे ज्यांनी या माणसाची सोबत केली होती, त्यांना तिथे हिशेब चुकता झाल्याचे समाधान मिळाले, कारण हा आता परत येणार नाही याची त्यांना खात्री होती.

२०२१ नंतर ही खात्रीच काढून घेण्यात आली. मल्टिव्हर्स, म्हणजे समांतर विश्वांची कल्पना, एकदा रुजवली की या विश्वातला मेला तर त्या विश्वातला आणता येतो. २०१८ मध्ये थॅनोस या खलनायकाने गळा आवळून मारलेला थॉरचा भाऊ लोकी २०२१ मध्ये स्वतःच्या मालिकेचा नायक झाला, तो म्हणे आधीच्या काळातून निसटलेला लोकी. आणि जुलै २०२४ मध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्यात हिरव्या अंगरख्यातल्या एका माणसाने व्यासपीठावर मुखवटा काढला, तर आत टोनी स्टार्क रंगवणारा रॉबर्ट डाउनी ज्युनियर! आता तो 'अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे'मध्ये डॉक्टर डूम हा खलनायक होणार आहे. पात्र वेगळे आहे हे मला समजते, पण आपल्याला विकला जातो आहे तो चेहरा तळ्याकाठी निरोप दिलेल्या माणसाचाच आहे.

दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी २०१९ मध्ये हे चित्रपट म्हणजे सिनेमा नव्हे, त्यांचे नाते करमणुकीच्या उद्यानांशी अधिक जवळचे आहे, असे म्हटले होते आणि त्यावर मोठे वादळ उठले होते. त्यांचे सगळे म्हणणे मला मान्य नाही. त्यानंतर लिहिलेल्या लेखात मात्र त्यांनी या चित्रपटांत काहीच पणाला लागलेले नसते अशी तक्रार केली होती, आणि ती २०१९ पेक्षा आज अधिक लागू पडते.

दादरची बाल्कनी :

तिसरी घंटा यांचे लेखन नेहमीप्रमाणे वाचनीय आहे, पण त्यांच्या मांडणीला आकडे साथ देत नाहीत. ज्या चित्रपटाने थडगे उकरले, त्याने जगभरातून १३३ कोटी डॉलर मिळवले. २०२५ मध्ये मार्व्हलने 'कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड', 'थंडरबोल्ट्स' आणि 'द फॅन्टॅस्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स' असे तीन चित्रपट प्रदर्शित केले आणि त्या तिन्हींची मिळून कमाई जेमतेम तेवढीच भरते. यांतला 'थंडरबोल्ट्स' तर धागाकर्त्यांना, म्हणजे तिसरी घंटा यांना, हवा तसा चित्रपट आहे. त्यात मल्टिव्हर्सचा खेळ नाही, मेलेल्यांची आयात नाही, नैराश्याने पोखरलेल्या बॉब नावाच्या तरुणाची गोष्ट आहे आणि तिचा शेवटही ठोशाने न होता त्याला मिठी मारून होतो. समीक्षकांनी वाखाणलेल्या या चित्रपटाची कमाई चाळीस कोटी डॉलरपर्यंतही गेली नाही. प्रेक्षकाला परिणामांची आणि अंतिमतेची इतकी ओढ असती, तर त्याने तिकीटबारीवर तसे दाखवले असते.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'च्या शेवटी अर्धे जग धुळीसारखे विरून जाते आणि त्यात टोनीला बिलगलेला, मला जायचे नाही म्हणणारा कोवळा स्पायडरमॅनही असतो. त्याच स्पायडरमॅनचा पुढचा चित्रपट जुलै २०१९ मध्ये येणार हे तेव्हाच जाहीर झालेले होते. तो परत येणार याची खात्री असलेले आम्ही सगळे तरीही सुन्न होऊन बाहेर पडलो होतो. मरण कायमचे असल्याशिवाय प्रेक्षक गलबलत नाही, हा धागाकर्त्यांच्या युक्तिवादाचा पायाच तिथे कोसळतो.

विंगेतून :

दादरची बाल्कनी यांच्या दुसऱ्या मुद्द्याशी सहमत. त्यात एवढीच भर घालतो की मूळ कॉमिक्समध्ये हा प्रकार मल्टिव्हर्सच्या फॅशनपेक्षा जुना आहे. १९९२ मध्ये सुपरमॅनला वाजतगाजत मारले, वृत्तपत्रांनी त्याच्या बातम्या छापल्या आणि वर्षभरात तो परत आला. चित्रपटात तर तेवढाही धीर धरला नाही. २०१६ च्या 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'मध्ये सुपरमॅनचे दफन होते, शवपेटीवर मूठभर माती पडते, आणि चित्रपट संपता संपता ती माती आपोआप वर उचलली जाऊ लागते. म्हणजे सुतक पाळायला प्रेक्षकाला चार मिनिटेही दिली नाहीत. मार्व्हलवर एकट्यावर राग काढण्यात अर्थ नाही.

कीर्तनवेडी :

मेलेला परत आला की कथा पोकळ होते, हे विधान आपल्याकडच्या श्रोत्याने करावे याचे मला नवल वाटते. देवळात कीर्तनाला बसलेल्या माणसाला पुढे काय होणार हे पाठ असते, तरीही पूर्वरंग आटोपून बुवांनी आख्यान लावले की तो सरसावून बसतो. तेव्हा 'पुढे काय' हे कळलेले असणे हा दोष मानता येत नाही.

परत येण्याबद्दल बोलायचे तर कचाची कथा पाहावी. असुर त्याला तीनदा मारतात आणि देवयानीच्या हट्टापायी शुक्राचार्य त्याला तीनदा उठवतात. पहिल्या दोन खेपांना संजीवनी मंत्र म्हटला की काम भागते, आणि खरे सांगायचे तर त्या दोन खेपा कोणाच्या फारशा लक्षातही राहत नाहीत. तिसऱ्या खेपेला असुर कचाला जाळतात, त्याची राख मद्यात कालवतात आणि ते मद्य शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कच उठणार तो गुरूचे पोट फाडूनच, म्हणजे गुरूचा जीव जाणार. म्हणून पोटातल्या शिष्याला विद्या शिकवणे गुरूला भाग पडते, शिष्य बाहेर येऊन गुरूला उठवतो, आणि त्याच उदरातून आल्यामुळे तो देवयानीचा भाऊ ठरतो व तिला नकार देतो. ती त्याला शाप देते की ही विद्या तुला फळणार नाही. याच कथेवर खाडिलकरांनी १९१३ मध्ये 'विद्याहरण' रंगभूमीवर आणले. तिसऱ्या खेपेला उठलेला कच पहिल्यासारखा राहिलेला नाही, गुरू राहिलेला नाही आणि देवयानी तर नाहीच नाही. त्यामुळे मृताने परत यावे की नाही या वादात मला रस नाही. त्याच्या परतण्याने इतरांचे काय होते, एवढेच मी पाहते.

तिसरी घंटा :

कीर्तनवेडी यांनी विरोधासाठी दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, असे मी नम्रपणे म्हणेन. ज्याला मी अंतिमता म्हणतो, त्याला त्या किंमत म्हणत आहेत. 'इन्फिनिटी वॉर'चे उत्तरही यातच आहे. धूळ झालेले लोक परत आले, हे खरे. पण त्यांना आणण्यासाठी अ‍ॅव्हेंजर्सपैकी नताशा कड्यावरून उडी घेऊन गेली, टोनी गेला, आणि मागे राहिलेल्यांच्या आयुष्यातली पाच वर्षे गेली ती गेलीच. पटकथाकारांनी ती पाच वर्षे पुसली नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. उलट थडगे उकरणाऱ्या चित्रपटात वुल्व्हरिन परत येतो तेव्हा कोणाचे काय जाते? दुसऱ्या विश्वातला तयार नग उचलून आणला, एवढेच घडते.

आकड्यांबद्दल दादरची बाल्कनी यांना इतकेच सांगतो की वडिलार्जित दागिने मोडले की त्या महिन्यात घरात पैसा खेळतोच. १३३ कोटी डॉलर ही 'लोगन'सह जुन्या चित्रपटांनी जमवलेल्या जिव्हाळ्याची विक्री होती. 'थंडरबोल्ट्स'च्या वाट्याला असा साठा नव्हता, आणि चांगला असूनही तो पडला याचे मला आश्चर्य वाटत नाही. आधीच्या चार वर्षांत फसलेला प्रेक्षक चांगल्या चित्रपटालाही लगेच परतून येत नाही.

तिकीटबारी :

दोन्ही बाजू सौंदर्यशास्त्रात रमल्या आहेत, आणि साधे कारण कोणी पाहायला तयार नाही. माल फार झाला. २०२१ या एका वर्षात मार्व्हलचे चार चित्रपट आणि मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेच्या वाहिनीवर पाच मालिका आल्या. २०१९ च्या 'कॅप्टन मार्व्हल'ने ११३ कोटी डॉलर मिळवले होते. २०२३ मध्ये तिचीच पुढची कथा असलेला 'द मार्व्हल्स' सुमारे २१ कोटींवर थांबला. त्यातल्या तीन नायिकांपैकी एक कुठून आली हे कळायला 'वांडाव्हिजन' पाहिलेली असावी लागते आणि दुसरीसाठी 'मिस मार्व्हल'. शनिवारी पोराबाळांना घेऊन निघालेला माणूस इतका गृहपाठ करत नाही. न्याय म्हणून हेही सांगायला हवे की तेव्हा अभिनेत्यांचा संप चालू होता आणि तो मिटला चित्रपट प्रदर्शित होण्याच्या आदल्या दिवशी, त्यामुळे प्रसिद्धी अशी झालीच नाही. मे २०२४ मध्ये डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांनी वर्षाला दोन, फार तर तीन चित्रपट आणि दोनच मालिका असे धोरण जाहीर केले. रोग काय आहे हे त्यांना कळले आहे, आपण उगाच कचापर्यंत पोहोचलो आहोत.

रोटोशिल्पी :

या चर्चेत कारागिराची बाजू आलेली नाही, म्हणून लिहितो. मी मुंबईत दृश्यपरिणामांच्या व्यवसायात आहे आणि परदेशी सुपरहिरोपटांची कामे केली आहेत. कंपनीचे आणि चित्रपटांचे नाव देणे करारात बसत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या कामाचा मोठा भाग रोटोचा असतो. म्हणजे निळ्या पडद्यापुढे किंवा त्याशिवायही चित्रित झालेल्या नटाची कड प्रत्येक फ्रेममध्ये आखून त्याला पार्श्वभूमीपासून सुटा करायचा. चार सेकंदांचा शॉट म्हणजे ९६ फ्रेम. नट उभा असेल तर काम सरळ जाते, पण तो वळत असेल, केस उडत असतील आणि हाताची हालचाल पुसट झालेली असेल, तर कोपरापासून बोटांपर्यंत प्रत्येक भागाला वेगळा आकार द्यावा लागतो आणि तो आकार फ्रेममागून फ्रेम हलवत न्यावा लागतो. आमचा रोटो झाला की प्रेपवाले दोऱ्या आणि खुणा पुसतात, आणि शेवटी कॉम्पवाले सगळे एकत्र बसवतात. एवढे झाल्यावर निरोप येतो की या प्रसंगात आता रात्र नाही, दिवस आहे. मग प्रकाश बदलतो. पुन्हा निरोप येतो की हा प्रसंग आता शहरात घडत नाही. कधी कधी समोरचा शत्रूच बदललेला असतो, आणि नट मात्र जुन्या शत्रूच्या उंचीकडे नजर लावून ओरडत असतो. आमची रात्र ही त्यांची सकाळ असल्याने हे निरोप जेवणाच्या डब्याबरोबरच उघडायची सवय झाली आहे.

तिसरी घंटा यांना वाटते की 'मरण मागे घेता येते' हा लेखकांनी स्वीकारलेला विचार आहे. माझा अनुभव वेगळा आहे. तिथे शेवटचा अंक ठरवलेलाच नसतो. प्रदर्शन तोंडावर येईपर्यंत सगळे काही बदलता येण्याजोगे ठेवायचे, ही कामाची पद्धत आहे, आणि तंत्रज्ञानामुळे ती शक्य झाली आहे. जो निर्माता सहा महिने आधी नायक कोणत्या ग्रहावर उभा आहे हे ठरवत नाही, तो नायकाचे मरण कशाला कायमचे ठरवील? मल्टिव्हर्स ही त्या कार्यपद्धतीचीच कथारूप सावली आहे, असे मी मानतो. हा ताण फक्त आपल्याकडचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत खुद्द मार्व्हलच्या दृश्यपरिणाम कर्मचाऱ्यांनी एकमताने कामगार संघटनेत जाण्याचा कौल दिला, तो काही हौसेने नव्हे.

विंगेतून :

रोटोशिल्पी यांचा प्रतिसाद या चर्चेतला सर्वांत मोलाचा आहे, पण त्यांचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. सगळे लवचीक ठेवण्याची हीच पद्धत 'एंडगेम'मध्येही होती. कालप्रवासासाठी सगळे जण घालतात ते पांढरे पोशाख चित्रीकरणाच्या वेळी शिवलेलेच नव्हते, ते पूर्णपणे संगणकावर चढवले गेले. इतकेच काय, मरणापूर्वी टोनी जे 'मी आयर्न मॅन आहे' म्हणतो, ते वाक्य मुळात नव्हतेच. संकलक जेफ फोर्ड यांनी ते सुचवले आणि प्रदर्शनाला काही महिने उरले असताना, जानेवारी २०१९ मध्ये, ते पुन्हा चित्रित केले. म्हणजे ज्या क्षणाला तिसरी घंटा अंतिमतेचा आदर्श मानतात, तो क्षण शेवटच्या घटकेला केलेल्या बदलातूनच आलेला आहे.

रोटोशिल्पी :

तपशील बरोबर आहेत. पण तो मरणार हे ठरलेले होते आणि मरताना काय बोलणार हे उशिरा ठरले, यात फरक आहे. नाटकवाल्यांचेही संवाद तालमीत बदलतात. नाटकाचा शेवट कोणता, हे पडदा वर जाईपर्यंत ठरले नाही असे त्यांचे होत नाही.

नागपूरचा रसिक :

मी थोडा वेगळा दाखला देतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' आला. संभाजी महाराजांचा अंत कसा झाला हे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तरीही लोक ढसाढसा रडत बाहेर पडले. ना मल्टिव्हर्स, ना श्रेयनामावलीनंतर दाखवलेला पुढच्या भागाचा तुकडा. चित्रपट म्हणून त्यातल्या आरडाओरड्याबद्दल माझी तक्रार आहे, तो वेगळा विषय. पण जिथे मरण हे मरणच असते, तिथे प्रेक्षक अजूनही येतो, हे तिसरी घंटा यांचे म्हणणे त्याने सिद्ध केले.

कीर्तनवेडी :

हा दाखला इथे बसत नाही. इतिहासपुरुषाचा मृत्यू पटकथाकाराच्या हातात नसतो आणि तिथे येणारे रडू चित्रपटाने एकट्याने कमावलेले नसते. लोक ते घरून, पोवाड्यांतून, शाळेच्या पुस्तकातून बरोबर घेऊन येतात. ज्या लेखकाला मारण्याचे आणि उठवण्याचे दोन्ही अधिकार आहेत, त्याने ते कसे वापरावेत, हा आपला प्रश्न आहे. त्या दृष्टीने मल्याळम 'मिन्नल मुरली' पाहावा. २०२१ चा, बेसिल जोसेफ यांचा. वीज अंगावर पडून एका गावातल्या शिंप्याला आणि चहाच्या टपरीवर राबणाऱ्या शिबूला सारखीच शक्ती मिळते. शिबू एका स्त्रीवर वर्षानुवर्षे मुकाट प्रेम करत आलेला असतो, ती अखेर त्याला होकार देते, आणि गावकऱ्यांनी लावलेल्या आगीत मरते. सगळे गाव उचलून फेकण्याची ताकद असलेला हा माणूस तिला परत आणू शकत नाही. तिथून पुढे तो खलनायक होतो, आणि शिबू रंगवणाऱ्या गुरू सोमसुंदरम यांचा अभिनय पाहताना माझ्या मनात त्याच्याविषयी राग उरला नव्हता.

तिकीटबारी :

मल्याळम निघालेच आहे तर २०२५ चा 'लोका' विसरू नका. कल्लियंकाट्टु नीली या तिथल्या लोककथेतल्या यक्षिणीला सुपरहिरो केले, मार्व्हलच्या एका चित्रपटाच्या प्रसिद्धीखर्चातही भागेल इतक्या पैशांत चित्रपट केला, आणि त्याने मल्याळममधले कमाईचे विक्रम मोडले. आपल्याकडे २०१५ मध्ये श्रेयस तळपदेला घेऊन 'बाजी' झाला होता. त्यानंतर त्या वाटेने जाण्याची हिंमत मराठीत क्वचितच कोणी केली.

दादरची बाल्कनी :

चर्चा भरकटण्यापूर्वी मूळ आरोपाकडे येतो. आरोप मल्टिव्हर्सवर होता. त्याच मल्टिव्हर्सने गेल्या काही वर्षांतले दोन उत्तम सुपरहिरोपट दिले आहेत, आणि तिसरी घंटा त्यांच्याविषयी चकार शब्द काढत नाहीत.

पहिला डिसेंबर २०२१ चा 'स्पायडरमॅन : नो वे होम'. २०१४ च्या चित्रपटात अँड्र्यू गारफिल्डच्या स्पायडरमॅनला उंचावरून पडणारी प्रेयसी ग्वेन वाचवता आली नव्हती. सात वर्षांनी तो दुसऱ्या विश्वात येतो, तिथल्या पीटरची, म्हणजे तिथल्या स्पायडरमॅनची, प्रेयसी एमजे उंचावरून कोसळते, हा झेप घेऊन तिला झेलतो, जमिनीवर टेकतो आणि 'ठीक आहेस ना' असे विचारताना त्याचाच चेहरा विस्कटतो. ग्वेन परत येत नाही. मल्टिव्हर्सने तिचे मरण पुसले नाही, उलट त्याला वजन दिले. आणि त्या चित्रपटाच्या शेवटी आपल्या पीटरला सगळे जग विसरते, एमजेसुद्धा. याहून मोठी किंमत कोणती?

दुसरा २०२३ चा 'अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स', जो भारतात मराठीसह दहा भाषांत प्रदर्शित झाला. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन यांची सरमिसळ असलेले मुंबॅटन नावाचे शहर आहे. तिथल्या पवित्र प्रभाकर या स्पायडरमॅनच्या प्रेयसीचे वडील, इन्स्पेक्टर सिंग, मरणार हे ठरलेले असते. चित्रपटाचा नायक, दुसऱ्या विश्वातला स्पायडरमॅन माइल्स, त्यांना वाचवतो आणि त्या विश्वालाच भगदाड पडते. एक मरण टाळले तर काय होते, हाच त्या चित्रपटाचा विषय आहे. साधन वाईट नाही, ते आळशी माणसाच्या हाती पडते तेव्हा वाईट दिसते.

तिसरी घंटा :

'नो वे होम' पूर्ण मान्य. हवे तर मी त्यात तिसरे उदाहरण जोडतो. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये मेलेली गमोरा, म्हणजे क्विल या नायकाची प्रेयसी, जुन्या काळातून परत येते, पण तिच्या आयुष्यात क्विलवरचे प्रेम घडलेलेच नसते, आणि २०२३ च्या 'गार्डियन्स'च्या तिसऱ्या भागात दिग्दर्शक जेम्स गन हा गुंता शेवटपर्यंत सोडवत नाहीत. क्विलला त्याची गमोरा मिळत नाही. माझा रोख अशा चित्रपटांवर नव्हता. 'अ‍ॅक्रॉस'बद्दल मात्र मी निकाल राखून ठेवतो. तो ऐन मोक्यावर तोडलेला अर्धा चित्रपट आहे. माइल्सच्या वडिलांचे काय होते, हे पुढच्या भागात कळणार आणि तो यायला २०२७ उजाडणार. मुंबॅटनमध्ये पडलेल्या भगदाडाचे बिल अजून कोणी भरलेले नाही.

दादरची बाल्कनी :

मग डूमबद्दलचा निकालही राखून ठेवा. १८ डिसेंबर २०२६ ही प्रदर्शनाची तारीख आहे आणि मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या कलाकारांत क्रिस हेम्सवर्थ आहे, म्हणजे टोनीचा सोबती थॉर आहे. हा थॉर तळ्याकाठच्या त्या अंत्यविधीला हजर होता. मुखवट्याआडून जेव्हा तोच चेहरा त्याच्यासमोर येईल आणि त्या चेहऱ्यावर हात उगारायची वेळ येईल, तेव्हा टोनीच्या मरणाची थट्टा होईल की ते मरण अधिक बोचेल, हे लेखनावर अवलंबून आहे. कीर्तनवेडी यांच्या भाषेत सांगायचे तर ही तिसरी खेप ठरू शकते.

तिसरी घंटा :

ठरू शकली असती. 'फॅन्टॅस्टिक फोर'च्या श्रेयनामावलीच्या मध्ये एक तुकडा आहे. त्या चौघांपैकी सू खोलीत परत येते, तर तिच्या लहान मुलासमोर हिरव्या अंगरख्यातला कोणी गुडघे टेकून बसलेला आहे, मुखवटा त्याच्या हातात आहे आणि चेहरा कॅमेऱ्यापासून मुद्दाम लपवलेला आहे. चित्रणाची सगळी भाषा रहस्याची आहे, पण तो चेहरा कोणाचा हे स्टुडिओने वर्षभर आधी व्यासपीठावरून सांगून टाकलेले आहे. थॉरला धक्का बसेल याविषयी मला शंका नाही आणि हेम्सवर्थ तो चांगला वठवीलही. तो धक्का त्याच्याबरोबर मलाही बसायला हवा होता, आणि तिकीट थॉर काढत नाही, मी काढतो.